मांयचे वाकडे टाके

नाताळचे दिवस सरले की यल्लापूरच्या रानातल्या कुंबरगाळीच्या सिद्दी वाडीत बायका आपापली बोचकी सोडतात. वर्षभर साठलेले फाटके झगे, विटलेली लुगडी, पोरांच्या शाळेच्या सदऱ्यांच्या पाठी, नवऱ्यांच्या लुंग्या, सगळं त्यातून बाहेर येतं. जुनी साडी खाली अंथरून तिच्यावर हे तुकडे कडेकडेने बसवायचे, धावदोऱ्याचे फेर घालत घालत मध्याकडे यायचं आणि मध्य बुजला की कवंदी झाली. थंडीत पांघरायला आणि पावसाळ्यात खाली घालायला या रानात दुसरं काही पुरं पडत नाही. दुपारी नातालीनच्या अंगणात फणसाखाली सगळ्या जमतात. जिची जेवढी झाली असेल तेवढी ती पसरते. कुणी कुठला रंग कुठे लावला, कुणाचा टाका ढिला, कुणाची कालपासून तसूभरही सरकली नाही, हे सगळ्यांना दिसतं आणि सगळ्या बोलतात. तुला हा निळा नको असेल तर मला दे, माझा हा फुलाफुलांचा घे, अशी देवघेवही तिथंच होते.

मिंगेलीनला त्या वर्षी ते अंगण नको झालं होतं.

ती पन्नाशीला आली होती. पहाटे ओढ्यावरून पाणी, मग पेज, मग कोंबड्या सोडायच्या, मग हेगड्यांच्या बागेत सुपारी सोलायला. पाटाला बसवलेल्या पात्यावर एकेक सुपारी दाबून साल काढायची. दुपारपर्यंत मान खाली आणि बोटं काळीमिट्ट. नवरा सालू सुपाऱ्या उतरवणाऱ्यांच्या टोळीत शिरशीकडे गेलेला, शनिवारी उगवायचा आणि रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की परत जायचा. दोन मुलं हुबळीला कामाला. लेक जासिंत लग्न होऊन मडगावला. घरात उरल्या त्या दोघी, मिंगेलीन आणि तिची सासू कार्मेलीन.

कार्मेलीनला सगळी वाडी मांयच म्हणायची. अंगाने आडवीतिडवी, आवाजाने त्याहून. एकेकाळी अर्ध्या वाडीला सुई धरायला तिनेच शिकवलं होतं. मिंगेलीन हल्याळकडून लग्न करून आली, तेव्हा तिच्याकडचा टाका मोठा असायचा, भाताच्या लोंबीएवढा. मांयने तिची पहिली कवंदी हातात घेतली, उन्हाकडे धरली आणि म्हणाली, "यातून तर अख्खा नवरा गळून जाईल." मग सगळी उसवायला लावली. एकदा नाही, जमेपर्यंत. नवी नवरी न्हाणीच्या मागे बसून रडत उसवायची आणि पुन्हा घालायची. त्यातून तिचा हात जो बसला तो बसला; आता तिचा टाका मांयच्या टाक्यापासून कुणाला वेगळा काढता आला नसता. दोघींत प्रेम असं कधी दिसलं नाही. भांडणही फार नव्हतं. एका जोखडाखालच्या दोन बैलांचं असतं तसं होतं, एकमेकांकडे न बघता चालायचं.

गेल्या दोन वर्षांत मांयची नजर गेली. आधी तांदळातले खडे दिसेनात, मग दारात उभं माणूस कोण ते कळेना. यल्लापूरच्या डॉक्टरने दोन्ही डोळ्यांत बत्ती टाकून पाहिलं आणि मिंगेलीनला बाजूला घेऊन सांगितलं की मोतीबिंदू असता तर काढला असता, हा काचबिंदू आहे, गेलेली नजर आता परत यायची नाही. मांयला उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. ती त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. भिंतीला हात लावत चालायची आणि कुणी हात धरायला आलं तर झटकून टाकायची.

नाताळला जासिंतचा फोन आला की तिला दिवस गेलेत, पाचवा लागला. बाळंतपणाला इस्टरच्या आधी ती माहेरी येणार होती. ऐकल्याबरोबर मांय म्हणाली, "पणतवंडाची कवंदी मी शिवणार."

मिंगेलीन चुलीपाशी होती. तिने फक्त वळून पाहिलं.

"बघतेस काय? डोळे गेलेत, हात आहेत. तू मला सुया ओवून दे सकाळी."

नको म्हणायची हिंमत सून म्हणून मिंगेलीनच्या अंगात तीस वर्षांत आली नव्हती, ती त्या दिवशी कुठून येणार? तिने सकाळी सुया ओवून मांयच्या बोचक्याला ओळीने टोचून ठेवल्या. तुकड्यांचे रंग विचारून विचारून मांयने वेगळे गठ्ठे केले. तान्ह्या मुलाची कवंदी म्हणून लाल, पिवळे, बारके बारके तुकडे हवेत, म्हणजे डोळ्यांना गंमत वाटते, हे तिनेच सांगितलं. दुपारी मिंगेलीनचा खांदा धरून ती नातालीनच्या अंगणात जाऊन बसली. सगळ्यांनी तिला सावलीतली चांगली जागा दिली.

पहिल्याच दिवशी काय ते दिसलं. टाक्यांची ओळ उताराला लागल्यासारखी खाली जायची, दुसरी तिला छेदून वर. कुठे सुई नुसती वरच्या कापडातून निघाली होती, खाली पोचलीच नव्हती. उठायच्या वेळी तर मांयचं लुगडंच कवंदीला शिवलेलं निघालं. मांयच सगळ्यांत मोठ्याने हसली. "पोरासोबत मलाही गुंडाळून मडगावला पाठवा," म्हणाली. बायकाही हसल्या. पण नातालीनने हसता हसता कवंदीकडे जे पाहिलं आणि शेजारी बसलेल्या दुमगीनला जो डोळा घातला, तो मिंगेलीनच्या मनात रुतून बसला. 

दुसऱ्या दिवशी पहाटे फटफटल्याबरोबर, मांय झोपेत असतानाच मिंगेलीनने बोचकं उचललं आणि न्हाणीच्या मागे नेलं. आदल्या दिवसाचे सगळे टाके उसवले. तुकडे सरळ केले, नीट दुमडले आणि भराभर धावदोरा घालून पुन्हा बसवले. मग बोचकं जागच्या जागी ठेवून बागेत गेली. उशीर झाला म्हणून मुकादम बोलला.

का केलं हे तिला कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. मांयची दया आली असं म्हणावं तर तेवढंच नव्हतं. हिच्या डोळ्यांदेखत म्हातारी असलं वेडंवाकडं शिवते आणि ही बघत बसते, असं वाडीने म्हणू नये हेही होतं. जासिंतच्या सासरी मडगावला ती कवंदी जाणार, तिथल्या बायका काय म्हणतील हेही. आणि ज्या हाताने आपल्याला इतकं उसवायला लावलं त्याच हाताचं हे असं व्हावं, हे बघवत नव्हतं, तेही असेल. एकदा केलं म्हणून दुसऱ्या दिवशी केलं आणि दुसऱ्या दिवशी केलं म्हणून मग रोजचंच झालं.

मांय दुपारी शिवायची, मिंगेलीन पहाटे उसवून पुन्हा शिवायची. दुपारचे ताजे वाकडे टाके मांयच्या मांडीवरच्या घडीत दडून जायचे आणि दुसऱ्या दिवशी अंगणात पसरायचे ते सरळच. तिची स्वतःची कवंदी दोन फेरांवर अडली ती अडलीच. घरातली जुनी पार चिंध्या झाली होती, या पावसाळ्याला नवी लागणारच होती, म्हणून दुपारी अंगणात ती कवंदी उघडायची, पण चार टाके घातले की डोळ्यांवर झापड यायची. सुई हातात तशीच आणि मान छातीवर.

नातालीनला तोंड आवरायची सवय नव्हती. "मिंगेल, तुझी कवंदी काय चिंचेचं झाड आहे का ग, आज्याने लावलं तर नातवाने खावं?"

"होईल," मिंगेलीन म्हणायची.

"सासूचे डोळे गेले तरी ती बघ कुठे पोचली. तुला दोन दोन डोळे आहेत, ते काय झोपायला?"

मांयला ते ऐकून आतून गुदगुल्या व्हायच्या. ती नुसती कवंदीवरून तळवा फिरवायची. घरी परतताना तिचं पाऊलही जरा हलकं पडायचं. रात्री दोन घास जास्त जायचे. जपमाळ हातात घेऊन रोजार म्हणताना आवाज पूर्वीसारखा खणखणीत लागायचा. हे मिंगेलीनला दिसत होतं आणि म्हणूनच आता थांबता येत नव्हतं.

मध्ये एकदा बागेत सुपारी सोलताना तिला पेंग आली आणि पात्याने अंगठा चिरला. हेगड्यांच्या बाईने हळद दाबून चिंधी बांधली, घरी जा म्हणाली. ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच अंगठ्याने पुन्हा मांयचे टाके उसवत बसली. शनिवारी सालू आला, त्याने अंगठा पाहिला आणि न्हाणीमागे पडलेले दोऱ्याचे तुकडेही पाहिले. त्याला सगळं कळायला वेळ लागला नाही.

"एका कामाला दोनदा मरतेस," तो म्हणाला.

"तुझी आई आहे."

"म्हणून तर सांगतो. मी तिला ओळखतो. कळलं ना तिला, तर तुझी खैर नाही."

"कसं कळणार? तिला दिसतंय थोडंच."

सालूने बिडी पेटवली. कमरेचं दुखणं घेऊन तोही आला होता. दोघं शेजारी शेजारी बसून राहिले, एकाला दुसऱ्याची विचारपूस करायचं त्राण नव्हतं.

झालं ते कुणाच्या वाईटपणातून झालं नाही. दुमगीन महिनाभर लेकीकडे मुंडगोडला राहून परत आली होती. अंगणात आली, सगळ्यांच्या पसरलेल्या कवंद्या एकेक बघत मांयपाशी थांबली आणि खाली बसली. तिने मनापासून म्हटलं, "मांय, मी म्हटलं होतं हिचं आता काही खरं नाही. पण हे काय ग! मुंग्यांची रांग बघावी तसे टाके पडलेत. तुझ्या ऐन उमेदीत तरी असे पडायचे का?"

बाकीच्याही पुढे सरकल्या. कुणी म्हणालं हात तो हातच, कुणी म्हणालं सुईला डोळा असतो, माणसाला नसला तरी चालतो. मांयचा चेहरा उजळला. मिंगेलीनने मान खाली घातली. मग तिने पाहिलं की मांयची बोटं कवंदीवरून फिरताहेत, आधी पंख्यासारखी मोकळी, मग सावकाश, मग एका जागी येऊन थांबलेली. अंगठ्याच्या नखाने मांय काहीतरी चाचपत होती. पुढे गेली, मागे आली, पुन्हा तिथंच थांबली. तिच्या तोंडावरचं हसू कुठे गेलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी तिने पुढे एकही टाका घातला नाही. हात दुखतो म्हणाली.

घरी येताना तिने मिंगेलीनचा खांदा सोडून कुंपण धरलं. मिंगेलीनने पेज वाढली, सुक्या मासळीची चटणी पुढे ठेवली. मांयने ताट बाजूला सारलं.

"आज कौतुक कुणाच्या टाक्यांचं झालं?"

"तुझ्याच की."

"मिंगेल, मी आंधळी आहे, खुळी नाही. जुनं कापड आहे ते. सुई एकदा गेली की भोक बुजत नाही. माझी भोकं आहेत तिथं, वाकडीतिकडी, हाताला लागतात. दोरा मात्र दुसरीकडूनच गेलाय."

मिंगेलीनने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"किती दिवस?"

"पहिल्यापासून."

मांयने चुलीच्या उजेडाकडे तोंड केलं. मग म्हणाली, "मला वाटलं, बोटं अजून शाबूत आहेत. इतके दिवस मी त्या सुखात जेवले."

तिने शिवी दिली असती तर मिंगेलीनला सोपं गेलं असतं. तशा ती आयुष्यभर देत आली होती. पण मांय उठली, भिंत चाचपत आपल्या चटईवर गेली आणि तोंड फिरवून पडली. ताटातली पेज मिंगेलीनने कोंबड्यांना घातली.

त्यानंतर मांय फणसाखाली गेली नाही. मिंगेलीन एकटी गेली, विचारणाऱ्यांना तिने मांयला ताप आलाय म्हणून सांगितलं. पहाटेचं उसवणं आता नव्हतं. तेवढी झोप मिळायला हवी होती, पण सवयीने जाग यायची आणि ती अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहायची. आपल्या कवंदीत तिचा हात चालेना. विश्रांती हवी हवी म्हणून इतके दिवस काढले, आता ती समोर आली तर तिचं काय करायचं ते कळेना.

अशात एक दिवस ती बागेतून परतली तर अंगणभर दोऱ्याचे तुकडे. लाल पिवळ्या चिंध्या वाऱ्याने कुंपणापर्यंत गेलेल्या. एक कोंबडी त्यातली एक चोचीत धरून पळत होती. मध्ये मांय पाय पसरून बसली होती, दातात दोरा, हातात विळीचं लहान पातं. पणतवंडाची अख्खी कवंदी तिने उसवून ठेवली होती. मिंगेलीनचा एकूणएक टाका काढला होता. दोन ठिकाणी खाली अंथरलेली साडीही फाटली होती.

मिंगेलीनने डोक्यावरचा सरपणाचा भारा उतरवला.  ती दारातल्या दगडावर टेकली. मग उठून कुंपणापर्यंत गेलेले तुकडे एकेक करून वेचून आणले, झटकले आणि मांयच्या मांडीशी ठेवले.

"आलीस?" मांय म्हणाली. "आता मी परत घालते. माझे मी. सरळ येऊ देत नाहीतर वाकडे."

"घाल."

"तू हात लावायचा नाहीस."

"नाही लावत."

"लोक हसतील म्हणून केलंस ना? हसू देत. चाळीस वर्षं मी या सगळ्यांच्या टाक्यांना हसले, आता त्यांची पाळी. तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

तेव्हा मिंगेलीनच्या तोंडून जे निघालं ते तिने ठरवलेलं नव्हतं. "मांय, मी दमलेय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तक्रारही नव्हती त्यात. "मला कुणी काही सांगितलं नव्हतं. कुणी नको म्हणालं असतं तर थांबले असते. कुणी म्हणालंच नाही. पाणी मी, पेज मी, सुपारी मी, तुझं न्हाणं मी, तुझे टाकेही मीच. मला कशालाच नाही म्हणता येत नाही. तूच तसं शिकवलंस."

मांयचे हात थांबले. कोंबडी पुन्हा जवळ आली, तिला तिने अंदाजाने पायाने हुसकलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "रात्री कण्हतेस झोपेत. ऐकू येतं मला. दुसरं येतंच काय आता." मग पुन्हा म्हणाली, "तो पिवळा कुठला ते दाखव. आणि दोन सुया ओव. ओवायला तेवढी लागशील मला."

मिंगेलीनने सुया ओवल्या. चहा ठेवला, कोरा, गूळ जरा जास्त घातला. दोघींनी तिथंच चिंध्यांत बसून प्यायला.

पुढच्या सोमवारी मांय पुन्हा फणसाखाली हजर झाली. आपलं काम तिने सगळ्यांपुढे पसरलं. पहिला फेरही पुरा नव्हता.  आधी होतं ते कुठे गेलं, हे विचारायला कुणी धजेना. नातालीनच ती, तिने विचारलं.

"ते हिचं होतं," मांयने हनुवटीने मिंगेलीनची दिशा दाखवली. "हे माझं आहे. बघून घ्या नीट, मला सांगा कुठवर आलंय ते. आणि नातालीन, तू डोळा घालू नकोस दुमगीनला. मला दिसत नाही पण तुझी बांगडी वाजते."

नातालीन ओशाळली, मग हसली, मग सगळ्याच हसल्या. तिथून पुढे कुणी लपवाछपवी केली नाही. "मांय, ही ओळ ओढ्याला पाणी प्यायला निघाली", "मांय, इथं सुई खाली गेलीच नाही", असं सरळ सांगायच्या. मांय कधी उसवायची, कधी "असू दे, पोर काय मोजणार आहे?" म्हणून पुढे जायची. मिंगेलीनबद्दल कुणी चांगलं बोललं असं नाही. पण तिची कवंदी का अडली होती ते कळल्यावर टोमणे थांबले, आणि नातालीनने एका दुपारी स्वतःच्या बोचक्यातला जाड निळा तुकडा, जो ती कुणाला देत नसे, तो तिच्यापुढे टाकला. "घे. नाहीतरी माझ्याकडे पडूनच आहे," म्हणाली.

जासिंत मार्चच्या मध्यावर आली. पाय सुजलेले, तोंड उतरलेलं. मिंगेलीनच्या कामात तिची भर पडली. इस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत मांय अजून शिवतच होती. फेर आत आत येत गेले तशी तिची दमछाक वाढली. मधल्या भागात कापडाला आधीच इतकी भोकं पडली होती की सुई कुठेही घातली तरी सैल जायची. एका दुपारी तिने सुई टोचून ठेवली आणि मिंगेलीनला जवळ बोलावलं.

"मधलं तू घाल."

"अजून थोडंच राहिलंय, मांय. होईल तुझ्याने."

"नाही होत. बोटाला कळेनासं झालंय कुठे घातला आणि कुठे नाही. मी सांगतेय म्हणून घाल. आधी तू न विचारता घातलेस, ते वेगळं."

मिंगेलीनने मध्य घेतला. घाई केली नाही. दुपारी जेवढं होईल तेवढं, झोप आली तर झोप. एक हात कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला ते लांबून दिसत होतं. शेवटचा तुकडा बसवायच्या आधी मांयने तांदूळ मागितले. कवंदीचं पोट उपाशी ठेवायचं नाही म्हणून मध्याखाली चार दाणे घालतात. मिंगेलीनने डब्यात हात घालून रेशनचे दाणे आणले. मांयने ते चिमटीत चोळले.

"हे तुटके आहेत. पोराचं पोट अर्धंच भरेल."

"घरात हेच आहेत."

मांयने त्यातले अख्खे दाणे बोटांनी निवडून काढले. त्याला वेळ लागला. ते तिने स्वतः आत ठेवले आणि मिंगेलीनने वर तुकडा बसवून टाका मारला. चारी कोपऱ्यांची फुलं, म्हणजे दुमडून दुमडून केलेली छोटी त्रिकोणी घडी, ती मात्र मांयने कुणाला करू दिली नाहीत. घडीला डोळे लागत नाहीत, ती म्हणाली, आणि खरोखरच ती चार फुलं नीट बसली.

मुलगी झाली. चर्चमध्ये बावतिस्म झाल्यावर जासिंत तिला कवंदीत गुंडाळून मडगावला घेऊन गेली. बसमध्ये चढताना तिने आईच्या कानात विचारलं की हे एवढं वाकडं काय आहे, सासूबाई विचारतील. मिंगेलीन म्हणाली, "पणजीचं आहे म्हणून सांग." बस गेल्यावर ती रस्त्याच्या कडेला थोडा वेळ बसली, कारण परत चालत जायची ताकद लगेच आली नाही.

तिची स्वतःची कवंदी त्या वर्षी पुरी झाली नाही. नातालीनचा निळा तुकडा लागला, त्यापुढे दोन फेर झाले आणि बायकांनी बोचकी बांधायची वेळ आली. पावसाळा जुन्या चिंध्यांवरच काढला. मांयला त्या गारठ्यात खोकला धरला, तो काही सुटला नाही. ती आता फार बसायची नाही, पडून राहायची.

ऑगस्टमध्ये जासिंतचा फोन आला. कवंदी दोन-तीनदा धुतली तर कडेचे टाके सुटले, तुकडे लोंबायला लागलेत, सासूबाई म्हणतात शेजारच्या शिंप्याकडून मशीन मारून घेऊ. काय करू?

मिंगेलीनने फोन कानाला तसाच धरून मांयकडे पाहिलं. "मांय, तुझे टाके सुटलेत म्हणते."

"सुटणारच. खाली पोचलेच नव्हते."

"शिंप्याकडे देऊ म्हणतात."

"मशीन नको कवंदीला."

"मग मागवून घेऊ का इकडे? मी घालू का?"

मांय खोकली. 

"घाल," मांय म्हणाली. "पण माझ्या भोकांतूनच घाल. सरळ करू नकोस."

मिंगेलीनने जासिंतला पाठवून द्यायला सांगितलं आणि फोन ठेवला. त्या भोकांतून टाका घालायचा म्हणजे सरळ टाक्याच्या दुप्पट वेळ जाणार होता, ते तिला कळत होतं. तिने सुपात तांदूळ घेतले आणि खडे निवडायला बसली.